मुंग्यांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. दागिने ठेवतात ती नव्हे आणि भजनात वाजवतात तीही नव्हे. अंगानं साबणाच्या वडीएवढी, एके काळी पांढरीशुभ्र, आता बरीच पिवळट. माझ्या डोक्यावर दोन चाकं आहेत, पोटात चौकोनी बॅटरी आहे आणि बाहेर एक वायर आहे, जिला पुढं दोन फाटे फुटतात. फाट्यांच्या टोकांना मऊ पट्ट्या असतात, एका बाजूनं चिकट. त्या पट्ट्या अंगाला चिकटवल्या आणि चाक हळूच फिरवलं, की माझ्यातली हलकी वीज कातडीखालच्या नसांपर्यंत पोचते आणि तिथं मुंग्या आल्यासारखं वाटतं. दवाखान्यात मला टेन्स मशीन म्हणतात. बंगळूरमधल्या मल्लेश्वरमच्या एका घरात मला मुंग्यांची पेटी म्हणतात. दुसरं नाव मला जास्त आवडतं, म्हणून मी तेच सांगते.

वीज म्हटल्यावर लगेच मागं सरकू नका. भिंतीतल्या विजेशी माझी ओळखसुद्धा नाही. तरी घरात कुणी वायरी घेऊन असले प्रयोग करू नका, कारण मला कुठं लावायचं आणि कुणाला लावायचं नाही हे शिकलेल्या माणसालाच कळतं. या गोष्टीवरून पुढं बराच गोंधळ झाला, तो मी सांगणारच आहे.

माझा जन्म बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बायका बसत, माझ्यासारख्यांच्या पोटातल्या तारा जुळवत आणि तोंडानं गप्पा मारत. गप्पा कन्नडमध्ये चालायच्या, म्हणून मला आधी कन्नड कळायला लागलं. हिंदी आणि इंग्रजी नंतर दवाखान्यात कानावर पडून पडून आलं. मराठी मी नीलिमामुळे शिकले. या गावात एका भाषेवर कुणाचंच भागत नाही, मग माझं तरी कसं भागावं.

नीलिमा नागपूरची. मल्लेश्वरममध्ये तिनं स्वतःचा फिजिओथेरपीचा दवाखाना काढला, तेव्हा पहिल्या दिवशी टेबलावर मी होते. सुरुवातीची काही वर्षं माझा थाट विचारू नका. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून मान आखडलेली तरुण मुलं यायची, गुडघे धरून चालणारी म्हातारी माणसं यायची, आणि सगळे माझी वाट बघत बाकावर बसायचे. एक आजोबा तर जाताना देवाला करावा तसा मला नमस्कार करायचे. मी फुशारले होते, हे कबूल करायला हवं.

मग पडद्यावर बोट फिरवून चालणारं नवं मशीन आलं. त्याला रंगीत आकडे होते आणि ते काम संपल्यावर गाणं वाजवायचं. लोकांना ते गाणं आवडलं. मी खालच्या खणात गेले आणि माझ्या अंगावर मलमाच्या ट्यूबा येऊन पडल्या. किती तरी महिने मला कुणी बाहेर काढलं नाही. मी रुसले होते, पण खणात रुसून बसलेल्या वस्तूची समजूत कोण काढणार.

अशातच एके सकाळी व्यंकोजी दवाखान्यात आले. पन्नाशी ओलांडलेले, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, आणि उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला. सोबत त्यांची मुलगी कावेरी होती.

"काय लागलंय काका हाताला?" नीलिमानं विचारलं.

"काही नाही लागलेलं," कावेरीच बोलली. "अप्पा उगाच रुमाल बांधतात. लोकांनी विचारू नये म्हणून."

व्यंकोजींच्या घराण्याला बंगळूरमध्ये येऊन कैक पिढ्या झाल्या. घरात मराठी बोलतात, पण त्यात कन्नड असं मिसळलेलं की वेगळं काढता येऊ नये. ते एका भांड्यांच्या दुकानात नाव घालायचं काम करत. पितळेचा डबा असो की स्टीलचं ताट, विजेवर घुर्रघुर्र करणारं एक जाड पेन हातात धरून ते त्यावर माणसाचं नाव कोरत. मराठी, कन्नड, तमिळ, इंग्रजी, जे म्हणाल त्या लिपीत. तुमच्याही घरी भांड्यांवर अशी नावं असतील. ती शोभेसाठी नसतात. इथं भांडी घरात बसून राहत नाहीत, सांबार नाही तर खीर घेऊन शेजारी जातात, आणि नावामुळे घरी परत येतात.

हे काम व्यंकोजी वडिलांकडून शिकले. वडील छिन्नी-हातोडीनं ठिपके ठोकून नाव घालत, व्यंकोजींच्या हाती पेन आलं. अक्षर असं की गिऱ्हाईक भांडं विकत घेऊन मुद्दाम त्यांची पाळी यायची वाट बघायचं. आणि मग एक दिवस एका कढईवर नाव घालताना अंगठा आपोआप आत वळला, मनगट मुरडलं, बोटांनी पेन असं आवळलं की नखं पांढरी पडली. त्यांना वाटलं दमणूक असेल. पण दुसऱ्या दिवशी तेच झालं आणि नंतर रोजच व्हायला लागलं.

"मॅडम, एवढं मोठं पातेलं उचलतो मी," व्यंकोजी नीलिमाला सांगत होते. "नारळ सोलतो. शर्टाची गुंडी लावतो. तेव्हा हात अगदी शहाणा असतो बघा. पेन धरलं की माझं ऐकतच नाही."

इथंच सगळी अडचण होती. आखडलेला हात लोकांना कळतो. पण नारळ सोलणारा हात नाव लिहिताना तेवढा कसा आखडतो, हे कुणाला पटेना. दुकानाचे मालक नागोजीराव म्हणाले, "काम नको असेल तर तसं सांग, व्यंकोजी. नाटक कशाला?" त्यांनी नावं लेझर मशीनवर घालून आणायला सुरुवात केली आणि व्यंकोजींना भांडी बांधून द्यायच्या कामाला लावलं. घरी बायको अंबुबाई म्हणाली, "कुकर उघडता येतोय आणि सही तेवढी येत नाही होय?" ती वाईट हेतूनं बोलली नाही. पण त्या दिवसापासून व्यंकोजींनी हाताला रुमाल गुंडाळला.

शेवटी कावेरी त्यांना मोठ्या दवाखान्यात मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी त्यांना लिहायला लावलं, हाताकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, हे नाटक नाही, हा आजार आहे आणि त्याला नाव आहे. लिहिताना येणारा हा पेटका. हात चांगला असतो, मेंदूतून लिहिण्याचे निरोप तेवढे गोंधळतात, आणि ज्या स्नायूंनी गप्प बसायचं तेही ओढायला लागतात. हे ऐकून निम्मं दुखणं तिथंच उतरलं, असं व्यंकोजी नीलिमाला म्हणाले. उरलेल्या निम्म्यासाठी डॉक्टरांनी एक इंजेक्शन सुचवलं होतं, आणि ते नको असेल तर नसांना हलकी वीज देऊन बघा म्हणून नीलिमाकडे पाठवलं होतं.

"काका, मी खोटं सांगणार नाही," नीलिमा म्हणाली. "ह्यानं काही पेशंट्सना फरक पडतो, काहींना अजिबात पडत नाही. आणि नुसत्या मशीनवर नाही होणार. लिहायला परत पहिल्यापासून शिकावं लागेल. चालेल?"

व्यंकोजी रुमालाची गाठ चाचपत म्हणाले, "उगादी, म्हणजे तुमचा पाडवा, झाला की हिचं लग्न आहे. आमच्या घरात मुलीच्या भांड्यांवर बाप स्वतः नाव घालतो. माझ्या बहिणीच्या भांड्यांवर वडिलांनी घातलं. माझ्या मुलीचं नाव काय लेझरनं यायचं?"

कावेरी खिडकीबाहेर बघत राहिली. नीलिमानं खालचा खण ओढला, मलमाच्या ट्यूबा बाजूला केल्या आणि मला बाहेर काढलं. रोज दवाखान्यात यायला व्यंकोजींना जमणार नव्हतं, आणि रंगीत आकड्यांचं मशीन घरी देता येण्यासारखं नव्हतं. मी मात्र देता येण्यासारखी होते. माझा सगळा रुसवा त्या क्षणी गेला.

नीलिमानं दोघांना नीट समजावलं. पट्ट्या कोपराच्या खाली, हाताच्या आतल्या बाजूला लावायच्या. हात धुऊन कोरडा करायचा. चिकट बाजूला बोट लावायचं नाही. चाक मुंग्या येतील एवढंच फिरवायचं, दुखेपर्यंत नाही, कारण जास्त दुखलं म्हणजे जास्त गुण असं नसतं. "आणि हे मशीन दुसऱ्या कुणालाही द्यायचं नाही," ती शेवटी म्हणाली. व्यंकोजींनी मान डोलावली. अंबुबाई तिथं नव्हती, हे लक्षात ठेवा.

मल्लेश्वरमच्या त्या घरात माझे दिवस बरे जायला लागले. सकाळी कॉफी झाली की व्यंकोजी खिडकीशी बसत, बाही वर करत आणि मला लावत. मी आपलं काम करे. ते झालं की अंबुबाई परातीत नाचणीचं पीठ पसरून आणे आणि ते त्यात बोटानं अक्षरं काढत. मोठी मोठी, खांद्यापासून हात फिरवून, जशी तुम्ही पहिलीत काढता. आधी काहीच होईना. बोटसुद्धा अंगठ्याखाली दडून बसे. व्यंकोजी पीठ हलवून सपाट करत आणि पुन्हा सुरू करत. मग एका सकाळी पिठात पूर्ण, सरळ, कुठंही न मुरडलेला क उमटला. अंबुबाई परात तशीच धरून उभी राहिली आणि त्या दिवशी त्या पिठाची भाकरी तिनं केली नाही. मला आनंद झाला, उघड सांगते. पाठदुखी बरी झाल्याचं लोक नुसतं तोंडानं सांगतात, इथं मला तो आनंद डोळ्यांपुढे दिसत होता.

आता गोंधळाकडे येते.

समोरच्या घरात भाग्यलक्ष्मी अक्का राहतात. त्यांचा गुडघा दुखतो. अंबुबाई आणि त्या रोज दारात उभ्या राहून बोलतात, आणि बोलता बोलता माझा विषय निघाला. अंबुबाईला नाही म्हणता येत नाही, हा तिचा स्वभाव. "न्या की दोन दिवस," ती म्हणाली. "स्वल्प आराम पडला तर पडला." झालं. मी कापडी पिशवीतून समोरच्या घरी गेले. तिथून अक्कांच्या जावेच्या पाठीला गेले. तिथून आणखी कुणाच्या खांद्याला. चाक कोण किती फिरवतंय याला काही धरबंध राहिला नाही.

तुम्ही म्हणाल, व्यंकोजींनी मला मागून का घेतलं नाही? त्यांनी एकदा विचारलं, "पेटी कुठं आहे?" अंबुबाई म्हणाली, "अक्कांकडं आहे, देतील की." व्यंकोजी म्हणाले, "सरी," म्हणजे बरं. एवढ्यावर विषय संपला. दिलेली वस्तू मागून घेणं बरं दिसत नाही, असं दोघांनाही वाटत होतं. उगादीची गर्दी होती, दुकानात दिवसभर उभं राहून ते थकत होते, आणि भिडेपोटी मुलीच्या लग्नाआधीचे मोलाचे दिवस जात होते. अशी भीड मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

फिरत फिरत मी पुन्हा अक्कांकडे आले आणि उगादीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला परत केलं. आता या गल्लीची एक रीत ऐका. शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही. डब्यातून लोणचं आलं तर डब्यातून लाडू जातात, काहीच नसलं तर चिमूटभर साखर जाते. अक्का रीतीच्या पक्क्या. पिशवी रिकामी कशी द्यायची, म्हणून त्यांनी केळीच्या पानात दोन ओबट्टू गुंडाळले आणि माझ्या डोक्यावर ठेवले. ओबट्टू म्हणजे आपली पुरणपोळी, आणि अक्का तुपाला हात आखडता घेत नाहीत. ते तूप पानातून झिरपलं, पट्ट्यांवर उतरलं आणि माझ्या वायरीच्या भोकात पुरण जाऊन बसलं. इतकी वर्षं लोकांच्या दुखऱ्या नसा सांभाळल्या आणि शेवटी माझा जेवणाचा डबा झाला.

ओबट्टू सगळ्यांनी आवडीनं खाल्ले. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात रविवारी व्यंकोजींनी मला लावायला घेतलं. कावेरीसाठी घेतलेला तांब्याचा कलश त्यांनी समोर ठेवला होता. कोरायचं पेन दुकानातून मागून आणलं होतं. आज लिहून बघायचंच, असं त्यांनी ठरवलं होतं. पट्ट्या हाताला चिकटेनात. त्यांनी त्या फडक्यानं पुसल्या, तरी चिकटेनात. मग त्यांनी वरून रुमाल बांधला. मित्रांनो, पट्टी नीट बसली नाही की माझी वीज एकसारखी पसरत नाही, एकाच ठिकाणी सुईसारखी टोचते. मुंग्या येईनात म्हणून व्यंकोजींनी चाक वाढवलं. मग आणखी वाढवलं. मी थांबू शकत नव्हते, मला चाकाचं ऐकावंच लागतं. त्यांचा हात लाल झाला आणि दुखायला लागला. तसल्या हातानं त्यांनी पेन उचललं.

पेन घुरघुरलं, अंगठा आत वळला, मनगट मुरडलं आणि पेन कलशाच्या पोटावरून सर्रकन आडवं गेलं. नव्या कोऱ्या तांब्यावर चांगली बोटभर लांब रेघ उमटली.

व्यंकोजींनी पेन बंद केलं. कुणावर ओरडले नाहीत. त्यांनी माझी वायर गुंडाळली, हाताला रुमाल बांधला आणि कावेरीला म्हणाले, "सगळी भांडी लेझरवर दे."

"अप्पा, अजून दिवस आहेत की," कावेरी म्हणाली.

"दे म्हटलं ना."

अंबुबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं येऊन माझी पिशवी उचलली, आत हात घातला आणि बोटं नाकाशी नेली. तूप लपत नाही. दुसऱ्या दिवशी व्यंकोजी कामावर जाताच तिनं रिक्षा थांबवली आणि मला मांडीवर घेऊन थेट नीलिमाकडे आली.

नीलिमानं मला उघडलं आणि बघतच राहिली. "काकू, ह्यात पुरण आहे?"

"आहे," अंबुबाई म्हणाली आणि सगळं सांगितलं, काहीही न लपवता. कुकरबद्दल आपण काय बोललो होतो, तेही सांगितलं. सांगताना तिला रडू आलं.

नीलिमा आधी रागावली. "मी कुणाला देऊ नका म्हणाले ते उगाच नाही, काकू. एखाद्याच्या छातीत पेसमेकर असता तर? केवढ्याला पडलं असतं." अंबुबाईचा चेहरा उतरला. मग नीलिमानं स्पिरिटच्या बोळ्यानं मला आतून-बाहेरून स्वच्छ केलं, जुन्या पट्ट्या फेकल्या, नव्या लावल्या. आणखी एक गोष्ट तिनं सांगितली. पेन बारीक असलं की बोटं जास्त आवळतात, म्हणून ते जाड करायचं, आणि अंगठ्याच्या चिमटीत न धरता पहिल्या दोन बोटांच्या मध्ये धरून बघायचं. नवी पकड म्हणजे हाताला नवं काम वाटतं, जुनी खोड तो कधी कधी विसरतो.

घरी येऊन अंबुबाईनं जुन्या सुती लुगड्याची पट्टी फाडली आणि कोरायच्या पेनाला लाटण्याएवढं जाड होईपर्यंत गुंडाळली. संध्याकाळी व्यंकोजी आले तेव्हा पेन आणि मी त्यांच्या खुर्चीवर शेजारी शेजारी बसलो होतो.

"मी बोलले ते चुकलं," ती म्हणाली. "दिली तीही चूक झाली. आता लावा की."

व्यंकोजींनी पेन उचलून पाहिलं. "ही तुझी निळी साडी ना?"

"हो. नाही तरी विरलीच होती."

त्यांनी रुमाल सोडला.

भाग्यलक्ष्मी अक्कांना हे कळल्यावर त्या तशाच धावत आल्या. "अण्णा, मशीनला कुणी जेवू घालतं का? घातलं मी," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, आणि व्यंकोजींना कितीतरी दिवसांनी हसू आलं. त्यानंतर अक्का रोज सकाळी पीठ चाळून द्यायला येत. गुडघ्यासाठी नीलिमाकडे स्वतः जायला लागल्या. माझ्याकडे मात्र हात मागे बांधून बघत.

दिवस थोडे राहिले होते. व्यंकोजी रोज सकाळी मला लावत, मग पिठात लिहीत, मग जाड पेन दोन बोटांत धरून जुन्या पत्र्याच्या झाकणांवर लिहीत. काही सकाळी हात ऐके, काही सकाळी ऐकत नसे. ऐकला नाही की ते थांबत, हात झटकत आणि दुसऱ्या दिवसाची वाट बघत. पूर्वीसारखी झरझर अक्षरं आली नाहीत, आणि ती येणारही नव्हती. कावेरीनं बाकीची भांडी लेझरवर देऊन टाकली. "एकाच भांड्यावर तुम्ही घाला अप्पा," ती म्हणाली. "मला एकच पुरे."

लग्नाच्या आधीच्या रविवारी व्यंकोजींनी तोच रेघ पडलेला कलश पुढे ओढला.

"दुसरा घ्या की," कावेरी म्हणाली. "नवा आणू आपण."

"नको. याच्यावर सुरुवात झालीय." त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. "शिरोरेषा शेवटी द्यायची असते. या वेळी ती आधीच आली. आता खाली अक्षरं तेवढी लावायची."

त्यांनी पेन चालू केलं. अंबुबाईनं कलश दोन्ही हातांनी धरला. मी खिडकीत होते, माझं काम आटोपलं होतं, आणि आता माझ्या हातात काहीच नव्हतं. क नीट आला. व आला, त्याच्यावरची मात्रा जराशी कापली. र जवळ अंगठा आत वळायला लागला. व्यंकोजींनी पेन उचललं, श्वास घेतला, हात खाली सोडला आणि पुन्हा टेकवलं. री पूर्ण झाली, तिची वेलांटी मात्र हवी त्यापेक्षा लांब गेली. चुकून पडलेल्या त्या रेघेखाली तीन अक्षरं लागली होती: कावेरी.

पूर्वीचे व्यंकोजी असते तर असलं काम त्यांनी गिऱ्हाइकाला दाखवलं नसतं. आताच्या व्यंकोजींनी कलश मुलीच्या हातात दिला. ती नावाकडे बघत राहिली आणि मग कलश तसाच छातीशी धरून रडली. मला रडता येत नाही, पण त्या दिवशी माझी बॅटरी गरम झाली होती म्हणालात तरी मी नाही म्हणणार नाही.

लग्न झालं. कावेरी आता नवऱ्याबरोबर, अभिजीतबरोबर, सर्जापूर रोडला एका उंच इमारतीत राहते. तिच्याकडची लेझरची भांडी शेजाऱ्यांकडे जातात, येतात. कलश ती कुणाला देत नाही.

व्यंकोजी मला परत करायला दवाखान्यात गेले, तेव्हा नीलिमानं मला हातात घेऊन पुन्हा त्यांच्याच हातात ठेवलं. "तुमच्याकडेच राहू द्या काका. तुमच्यासारखा पेशंट आला तर मीच सांगेन, तेव्हा द्यायचं. मला न विचारता नाही." व्यंकोजी घरी आले, लुगड्याची पट्टी गुंडाळलेलं पेन काढलं आणि मला उपडं करून माझ्या पाठीवर नाव घातलं. व्यंकोजी, मल्लेश्वरम. गुदगुल्या झाल्या. इतकी वर्षं मी माणसांना मुंग्या आणल्या, तेव्हा पहिल्यांदा मला त्या कळल्या.

सध्या मी कोरमंगलात आहे. विद्याधर नावाचे शाळेतले शिक्षक आहेत, त्यांच्या घरी नीलिमानं मला पाठवलं आहे. फळ्यावर लिहिताना त्यांचा हात आखडतो. मुलांनी हसू नये म्हणून ते हात खिशात ठेवतात आणि फळ्यावर मुलांनाच लिहायला सांगतात. पहिल्या दिवशी पट्ट्या लावायच्या आधी त्यांनी मला उलटंपालटं करून पाहिलं आणि पाठीवरचं नाव वाचलं. अक्षरं जरा कापरी आहेत, वेलांट्या लांब गेल्या आहेत. त्यांनी त्यावरून डावा अंगठा फिरवला.

"हे कुणी लिहिलंय?" त्यांनी फोनवर नीलिमाला विचारलं.

"तुमच्याआधी ज्यांनी वापरलं, त्यांनीच. त्याच हातानं."

विद्याधर सरांनी फोन ठेवला. मग त्यांनी उजवा हात खिशातून बाहेर काढला आणि बाही वर केली.

तर मित्रांनो, माझी हकिकत ही एवढीच. मी सगळ्यांना बरं करते असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. पण तुमच्या वर्गात कुणाचा हात लिहिताना अडला, तर नाटक करतोस म्हणू नका. आणि माझ्यासारखी वस्तू घरी आली तर हात धुऊन, पुसून लावा, चाक हळू फिरवा, शेजारी मागायला आले तर गोड बोलून नाही म्हणा. काम झालं की माझ्या पाठीवरचं नाव वाचा आणि मला त्या घरी परत पाठवा. तिथं खिडकीशी एक खुर्ची आहे, काही सकाळी हात अजून ऐकत नाही, आणि तेव्हा माझी वाट बघितली जाते. फक्त एक करा. गल्लीची रीत काहीही असो, मला रिकामंच पाठवा.